जहाजावरचा रुसवा

उल्हास देवस्थळींच्या आयुष्यात युद्ध आलं ते मंगळवारी, चहाच्या वेळी, आणि तेही ईमेलने.

तोवर त्यांचा संबंध होता तो जहाजाच्या रंगाशी, पिण्याच्या पाण्याशी आणि खलाशांच्या दातदुखीशी. सिंगापूरच्या हार्बरफ्रंटला, फेरी टर्मिनल दिसतं पण समुद्र बेताचाच दिसतो अशा एका मजल्यावर, एका छोट्या जहाज कंपनीत ते ऑपरेशन्स मॅनेजर होते. जगात कुठेही त्यांच्या कंपनीच्या जहाजाचा नळ गळला की उल्हासरावांचा फोन वाजायचा. अशा माणसाला एके दिवशी समोरच्या पडद्यावर ‘सैन्य’ हा शब्द दिसतो, तेव्हा त्याने चहाचा कप खाली ठेवून पाठ ताठ करावी, यात नवल नाही. उल्हासरावांनी केली.

मामला असा होता. साल २०११. अफगाणिस्तानात लढणाऱ्या एका मित्रदेशाच्या सैन्याला आपलं काही सामान सिंगापूरहून आखातातल्या एका बंदरात न्यायचं होतं. सामान म्हणजे तंबू, जनरेटर, पाणी शुद्ध करायची यंत्रं, व्यायामाच्या ट्रेडमिल आणि टोमॅटो सॉस. युद्धात सॉस किती लागतो हे पाहून उल्हासराव थक्क झाले. सामान सैन्याचं, म्हणून त्याच्या राखणीला सैन्य आपले सहा सैनिक पाठवणार होतं. शिवाय अरबी समुद्रात त्या वर्षी समुद्री चाच्यांचा सुकाळ होता, म्हणून विमा कंपनीने अट घातली की जहाजाच्या राखणीला चार खाजगी सशस्त्र रक्षक हवेतच. थोडक्यात, सामानाला सैनिक, जहाजाला कंत्राटी, आणि समुद्र दोघांत सामाईक.

ही कंत्राटी मंडळी म्हणजे कालपरवापर्यंत सैनिकच असतात. फरक एवढाच, की सैनिक देशासाठी लढतो आणि त्याला गणवेश मिळतो. कंत्राटी माणूस कंपनीसाठी लढतो आणि त्याला टी-शर्ट मिळतो. पगारातही फरक असतो, पण तो गणवेशाच्या बाजूने नसतो.

“उल्हास,” बॉस म्हणाले. बॉसचं नाव मिस्टर टे. बोलणं कमी, आणि तेही बहुतेक प्रश्नार्थक. “धिस वन व्हेरी बिग कस्टमर. शनिवारी संध्याकाळी जहाज सुटलं पाहिजे. कॅन ऑर कॅनॉट?”

“कॅन,” उल्हासराव म्हणाले.

“गुड. तुझा पास डिसेंबरला संपतो ना? हे जमलं तर मी सपोर्ट करतो. नाही जमलं, देन सी हाऊ लाह.”

‘सी हाऊ’, म्हणजे ‘मग बघू’, या दोन शब्दांत किती घरांचं सामान बांधलं गेलं आहे, हे सिंगापुरात एम्प्लॉयमेंट पासवर राहणारा कुणीही सांगेल. पास गेला की नोकरी गेली, नोकरी गेली की जुरोंग ईस्टचा भाड्याचा फ्लॅट गेला. आणि अवनी, त्यांची मुलगी, पुढच्या वर्षी ओ-लेव्हलला, म्हणजे तिथल्या दहावीला, होती. तिला आता पुण्याच्या शाळेत घालायचं म्हणजे बेडकाला उंटाच्या शर्यतीत उतरवण्यासारखं होतं.

पण खरं सांगायचं तर त्या दिवशी उल्हासरावांच्या मनात पास दुसऱ्या नंबरवर होता. पहिल्या नंबरवर युद्ध होतं. घरी जाताना एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, बसायला जागा असूनही ते उभे राहिले. सैनिक बसत नाहीत.

“आपण युद्धात उतरतोय,” त्यांनी जेवताना जाहीर केलं.

“आधी हात धुवा,” त्यांच्या पत्नी आशालताबाई म्हणाल्या.

“पा, यू आर सेंडिंग केचप लाह,” अवनी म्हणाली.

शनिवारी सकाळी उल्हासराव मरीना साउथ पिअरवरून लाँचने निघाले. त्यांचं जहाज ‘पुलाउ पर्ल’ बाहेर समुद्रात नांगर टाकून उभं होतं. दोन्ही तुकड्या आदल्या दिवशीच चढल्या होत्या. त्यांच्या बंदुका सीलबंद पेट्यांत होत्या आणि सिंगापूरची हद्द ओलांडल्याशिवाय त्या उघडायच्या नव्हत्या. म्हणजे भांडण झालंच तर ते तोंडीच होणार होतं. हा सिंगापूरच्या कायद्याचा मोठाच उपकार ठरला.

शिडीच्या तोंडाशी कॅप्टन गुरुप्रसाद भाटकर उभे होते. मूळचे रत्नागिरीचे. तीस वर्षं समुद्रावर काढून चेहऱ्यावरचे सगळे भाव त्यांनी वाटेत कुठेतरी उतरवून ठेवले होते.

“या उल्हासराव. एक पार्टी केबिनचं दार लावून बसल्येय, दुसरी डेकवर पाठ फिरवून उभी आहे. मधे कुणी बोलत नाही. माझ्या लग्नात असंच होतं.”

“झालं काय पण?”

“ओनर्स केबिन.”

जहाजावर एक बरी केबिन असते. मालक कधी आलाच तर त्याच्यासाठी. मालक कधी येत नाही. कंत्राटी तुकडीचं पत्र आधी आलं म्हणून स्टुअर्डने त्या केबिनच्या दारावर त्यांच्या प्रमुखाचं नाव चिकटवलं होतं: मिस्टर डॉसन. सैनिकांचे प्रमुख सार्जंट कॉलिन्स यांनी ते वाचलं, मग ते आपल्या साध्या केबिनमध्ये गेले आणि आतून कडी लावली. दाराआडून त्यांनी एवढंच कळवलं की या जहाजावर कोण कोणाचं ऐकणार हे ठरल्याशिवाय आपले लोक निघणार नाहीत. आणि आपले लोक निघाले नाहीत तर सैन्याचं सामानही निघणार नाही, ते उतरवून घेतलं जाईल. सॉससकट.

उल्हासरावांनी दारावर टकटक केली. बऱ्याच आर्जवानंतर दार फटीएवढं उघडलं. आत एक लालबुंद, तरणा, अत्यंत दुःखी माणूस होता.

“सर, केबिनचं काही नाही,” सार्जंट म्हणाला. “तो डॉसन माझा सार्जंट होता. मला बुटाची नाडी बांधायला त्याने शिकवलं. सलाम ठोकायला त्याने शिकवलं. आता तो टी-शर्ट घालून येतो, माझ्या तिप्पट पगार घेतो आणि माझ्यासमोर उभा राहतो. मी गणवेशात आहे, सर. सलाम कोणी कोणाला करायचा? मला सांगा, मी आत्ता दार उघडतो.”

उल्हासरावांनी दार हळूच ओढून घेतलं. ते डेकवर गेले. तिथे डॉसन होता. टक्कल, दाढी, दंडावर गोंदलेला गरुड.

“तो पोरगा मला पाहून तोंड फिरवतो,” डॉसन म्हणाला. “मी त्याला घडवलं. एक ‘गुड मॉर्निंग’ म्हणायला काय जातं?”

आणि त्या क्षणी उल्हासरावांच्या अंगावर आनंदाचा काटा आला. कारण हे त्यांना ओळखीचं होतं. देवस्थळींच्या घराण्यात लग्न ठरलं की आधी कार्यालय बुक व्हायचं आणि लगेच उल्हास. केळवणापासून वरातीपर्यंत कुणाला कुठे बसवायचं, कुणाच्या ताटात काय आधी पडलं पाहिजे, विहिणीच्या पायाखाली पायघडी किती लांब हवी, हे ते झोपेत सांगत. आणि रुसवा काढण्यात तर त्यांचा हात धरणारा सबंध सदाशिव पेठेत नव्हता. एकदा मुहूर्ताला थोडा अवकाश असताना नवऱ्या मुलाचा मामा रिक्षात बसून निघाला होता. उल्हासरावांनी त्याला सिग्नलवरून परत आणला होता, आणि तो परत आला तो हसत.

सिंगापुरात आल्यापासून या कौशल्याला गंज चढला होता. इथे लग्नं रजिस्टर होत आणि रुसायचं असेल तर लोक फेसबुकवर अनफ्रेंड करत.

“कॅप्टनसाहेब,” ते म्हणाले, “हे युद्ध नाही. हे लग्न आहे.”

“त्यात फरक काय?” कॅप्टन म्हणाले.

उल्हासरावांनी मनाशी मांडणी केली. वरपक्ष कोण? ज्यांच्याकडे मान असतो आणि काम नसतं ते. म्हणजे सैनिक. झेंडा त्यांचा, गणवेश त्यांचा, फेट्याच्या जागी टोपी होतीच. वधूपक्ष कोण? राबणारे. रात्रंदिवस पहारा द्यायचा होता तो डॉसनच्या लोकांनी. एकदा हे ठरल्यावर पुढचं सगळं सोपं होतं. वरपक्ष रुसला की आधी त्याची पंगत बसवायची.

दुपारी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये टेबलावर पांढरी चादर अंथरली गेली. उदबत्ती लावायला कॅप्टननी आगीच्या नियमांवर बोट ठेवून मनाई केली. बावर्ची गोव्याचा होता. त्याने उल्हासरावांच्या सांगण्यावरून काजू-बेदाणे घालून शिरा केला आणि मसाल्यातले कोंबडीचे तुकडे. सहा सैनिकांना सन्मानाने आणून बसवलं. सार्जंट कॉलिन्स मधोमध. कंत्राटी चौघांना सांगितलं, तुमची पंगत नंतर. इथपर्यंत ठीक होतं.

पण उल्हासराव रंगात आले होते. पंगत म्हटली की आग्रह आला, आणि आग्रह मुलीच्या बापाने करायचा असतो.

“मिस्टर डॉसन,” ते बाहेर जाऊन म्हणाले, “आमच्याकडे एक जुनी पद्धत आहे. तुम्ही फक्त हे कोंबडीचं भांडं घेऊन आत या, आणि सार्जंटना स्वतःच्या हाताने एक तुकडा वाढा. ते नको म्हणतील. तुम्ही तरीही वाढा.”

डॉसनने भांड्याकडे पाहिलं, पळीकडे पाहिलं. पण चौदा देशांत नोकरी केलेला माणूस होता. स्थानिक पद्धतींना विरोध करू नये हे त्याला प्रशिक्षणात शिकवलेलं असावं. तो पळी घेऊन आत आला.

आणि सार्जंट कॉलिन्स ताडकन उभा राहिला. टाचा जुळलेल्या, छाती बाहेर, तोंडात घास. त्याने ठरवून केलं नाही. डॉसन खोलीत शिरला की उभं राहायचं हे त्याच्या हाडांना शिकवलेलं होतं, आणि हाडांना कंत्राट समजत नाही. तो उठला म्हणून त्याचे पाचही जण उठले. सहा सैनिक सावधानात आणि समोर पळी घेतलेला एक टकला माणूस, असं ते दृश्य काही वेळ स्थिर राहिलं. शिरा निवत होता.

मग कॉलिन्सला आपण काय केलं ते कळलं. तो कानापर्यंत लाल झाला, नॅपकिन टेबलावर टाकला आणि केबिनकडे निघाला. डॉसनने भांडं उल्हासरावांच्या हातात दिलं.

“आम्ही सिक्युरिटी आहोत,” तो म्हणाला. “वेटर नाही.” आणि तोही गेला. थोड्या वेळाने वरच्या मजल्यावर दुसरी कडी वाजली.

“वा,” कॅप्टन भाटकर म्हणाले. “आधी एकच बाजू रुसली होती.”

तेवढ्यात उल्हासरावांचा फोन वाजला. मिस्टर टे.

“जहाज बाहेर काढायला बंदराचा पायलट संध्याकाळी येतो आहे आह. सगळं ओके? कॅन ऑर कॅनॉट?”

“कॅन,” उल्हासराव म्हणाले. इतकं सफाईदार खोटं ते स्वतःच्या लग्नातही बोलले नव्हते.

मग त्यांनी घरी फोन लावला. आशालताबाई जुरोंग ईस्टच्या बाजारात मासेवाल्या आंटीशी पापलेटच्या डोळ्यांबद्दल वाद घालत होत्या. तो वाद अर्धवट टाकून त्यांनी सगळं ऐकलं.

“अहो, तुम्ही वरपक्ष कुणाला केलंत?”

“सैनिकांना. मान त्यांचा ना.”

“आणि हुंडा कुणाला मिळतोय?”

उल्हासरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. समुद्रावरून वारा आला आणि गेला.

“कंत्राटवाल्यांना,” ते म्हणाले. “तिप्पट.”

“मग वरपक्ष कोण झाला? इतकी लग्नं लावलीत आणि हे मला मासळीबाजारातून सांगायला लागतंय. तो बिचारा सार्जंट मुलीचा बाप आहे.”

“मुलगी कुठली?”

“ते सामान. स्वतःचं सामान दुसऱ्याच्या राखणीत देऊन निघालाय तो. वर ज्याच्या हाती द्यायचं तो कालपर्यंत आपलाच होता आणि आता परका होऊन आलाय. मुलीच्या बापाला जेवायला बसवून कुणी शांत केलाय का आजवर? त्याला शिरा नकोय. त्याला कुणीतरी बरोबरीने भेटायला हवंय. व्याहीभेट करा. आणि तो आग्रह बंद करा, तुमचा आग्रह मला पहिल्यापासून आवडत नाही.”

“पण सलामाचं काय? तो म्हणतो सलाम कोणी करायचा ते सांगा.”

“व्याहीभेटीत हात मोकळे असतात का कधी?” आशालताबाई म्हणाल्या. “ठेवते. हा डोळा पांढरा आहे, मी हा मासा घेणार नाही.”

उल्हासराव फोन हातात घेऊन उभे राहिले. मग वयाला आणि हुद्द्याला न शोभेल अशा वेगाने ते स्वयंपाकघराकडे धावले.

बावर्चीकडे नारळ होते. दोन सारखे निवडले, शेंडीसकट. शाली नव्हत्या, तेव्हा इंजिनरूमसाठी आलेले कोरे पांढरे टॉवेल घेतले. सारंगाकडून, म्हणजे खलाशांच्या मुकादमाकडून, मधल्या डेकवर खडूने एक रेघ मारून घेतली, जहाजाच्या बरोब्बर मध्यावर, अशी की कुणी म्हणू नये आपल्याला कमी लोखंड मिळालं. मग ते दोन्ही दारांवर गेले आणि दोन्हीकडे एकच वाक्य म्हणाले: “आमच्या समुद्रात जहाज निघण्यापूर्वी दोन प्रमुखांनी भेटावं लागतं. त्याशिवाय कॅप्टन नांगर उचलत नाहीत. धर्माचा प्रश्न आहे.”

दोघांनीही कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टन भाटकरांनी चेहरा आणखी कोरा केला. तो त्यांना जमत असे.

ऊन उतरायला लागलं होतं. रेघेच्या एका बाजूला सहा सैनिक, दुसऱ्या बाजूला चार टी-शर्ट. खलाशी रेलिंगला लटकून बघत होते. त्यातल्या फिलिपिनो इंजिनियरने फोन काढून व्हिडिओ सुरू केला. उल्हासरावांनी दोन्ही प्रमुखांच्या खांद्यावर एकेक टॉवेल घातला आणि हातात एकेक नारळ दिला.

“दोन्ही हातांनी धरायचा,” ते म्हणाले. “एका हाताने अपशकुन होतो.”

कॉलिन्स रेघेपर्यंत आला. डॉसन रेघेपर्यंत आला. कॉलिन्सचा उजवा खांदा सवयीने हलला, कोपर वर निघालं आणि नारळाला अडून तिथेच थांबलं. डॉसनचंही कोपर हललं. तेही अडलं. दोघांनी एकमेकांच्या नारळाकडे पाहिलं. सिंगापूरच्या त्या पाण्यावर जागतिक सैनिकी शिष्टाचारातला एक गहन प्रश्न कुणीही न हरता सुटला, आणि तो दोन नारळांनी सोडवला. उल्हासरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते वाऱ्यामुळे आहे असं त्यांनी कॅप्टनना सांगितलं.

“आता बदला,” ते म्हणाले. “आणि आता भेटा. आधी उजवीकडे, मग डावीकडे.”

दोन दांडगे पुरुष पोटांमध्ये नारळ धरून एकमेकांना भेटले. भेटताना डॉसन कॉलिन्सच्या कानात काहीतरी पुटपुटला. आणि सकाळपासून ज्याच्या चेहऱ्यावर सुतक होतं तो सार्जंट मोठ्याने हसला. नुसता हसला नाही. त्याने डॉसनची बॅग स्वतः उचलली आणि त्याला जिन्यापर्यंत पोचवलं. खलाशांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी भोंगा दिला. ओनर्स केबिनमध्ये कुणीच राहायचं नाही असं दोघांनी मिळून ठरवलं. कॅप्टननी तिथे दोन्ही नारळ ठेवले आणि कुलूप लावलं. मालकाच्या बिछान्यावर प्रथमच कुणीतरी मानाने झोपलं.

पायलट आला, नांगर उचलला गेला. परतीच्या लाँचमध्ये उल्हासराव उभे राहिले. लाटा होत्या, तरी उभे राहिले. शेजारी बसलेल्या बोटवाल्याला त्यांनी दोनदा सांगितलं की ते जे जहाज जातंय ना, ते युद्धावर जातंय. बोटवाला म्हणाला, “अंकल, सिट डाऊन लाह, यू फॉल.”

पुढचे दोन महिने उल्हासराव जमिनीपासून दोन बोटं वर चालले. ऑफिसात त्यांना ‘कोकोनट जनरल’ म्हणू लागले. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात त्यांना ‘युद्ध आणि व्यवस्थापन’ या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं आणि ते चाळीस मिनिटं बोलले. विषयाचं सार असं होतं की मानपान सांभाळलं तर जगात सैन्याची गरज नाही. मिस्टर टे पासबद्दल स्वतःहून काही बोलले नाहीत, पण एकदा लिफ्टमध्ये त्यांनी उल्हासरावांसाठी दार धरून ठेवलं. सिंगापुरात याला वचन समजतात.

आणि मग दुसरी खेप आली. तेच जहाज, तेच सैन्य, तेच सामान; सॉस थोडा जास्त. या वेळी उल्हासराव गाफील नव्हते. लिटल इंडियात टेक्का मार्केटला जाऊन त्यांनी स्वतः नारळ वाजवून घेतले. शाली आणल्या, खऱ्या, किनारीच्या. अवनीने विचारलं, “पा, दे पे यू फॉर धिस?” त्यांनी शालींची घडी नीट केली. कलावंताला असे प्रश्न विचारत नाहीत.

लाँच जहाजाला लागली. उल्हासराव शिडी चढून वर आले आणि खडूच्या रेघेची जागा शोधू लागले. डेकवर दहा माणसं उभी होती. दहाही जणांच्या अंगात एकसारखे काळे टी-शर्ट.

“सैनिक अजून आले नाहीत वाटतं?” त्यांनी विचारलं.

“आलो की,” एक जण म्हणाला. तो कॉलिन्स होता. दाढी वाढवायला सुरुवात केली होती. अजून ती जमली नव्हती.

उल्हासरावांनी दोन्ही नारळ छातीशी धरले.

“त्या दिवशी डॉसन माझ्या कानात म्हणाला,” कॉलिन्सने सांगितलं, “‘पोरा, माझ्या कंपनीत ये. सलामाचा प्रश्नच मिटेल. तिप्पट पगार.’ माझी मुदत संपत आली होती. माझ्या पाचही जणांची. आम्ही सोडलं. मग सैन्याला या जहाजासाठी सहा माणसं कमी पडली. त्यांनी निविदा काढली. डॉसनच्या कंपनीने भरली. अनुभवी माणसं हवीत अशी अट होती; या जहाजाचा, या मार्गाचा, या सामानाचा अनुभव असलेली. असे जगात आम्ही सहाच होतो.”

“म्हणजे तुम्ही सैनिकांच्या जागी सैनिकांचं सामान राखायला…”

“त्याच केबिनमध्ये,” कॉलिन्स म्हणाला. “त्याच खाटेवर.”

कॅप्टन भाटकर शेजारी येऊन उभे राहिले. “या खेपेला एकदम शांत मंडळी आहेत,” ते म्हणाले. “कुणी कुठेही झोपतं. ओनर्स केबिन कुणाला नको. सगळे ‘येस सर’ म्हणतात. मलाच जरा चुकल्यासारखं होतंय.”

खरंच, कुणी रुसलं नव्हतं. उल्हासरावांनी डेकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रुसवा शोधला. एकाची बॅग पावसात राहिली होती. त्याने ती उचलली आणि पुसली. एकाला चहा थंड मिळाला. त्याने तो प्यायला. वधूपक्षच उरला नव्हता. सगळे वरपक्षात गेल्यावर लग्न कुणाशी लावायचं?

“बरं आहे ना पण?” निघताना त्यांनी कॉलिन्सला विचारलं. “पगार तिप्पट.”

“बरं आहे, सर,” कॉलिन्स म्हणाला. त्याने समुद्राकडे पाहिलं. “पूर्वी मी दार लावून बसलो की मुख्यालयात फोन खणखणायचा. सामान अडायचं, जहाज अडायचं, तुम्ही शिरा घेऊन यायचात. आता मी दार लावलं तर केबिन दुसऱ्याला देतात. आणि पूर्वी मेलो असतो तर झेंडा अर्ध्यावर आला असता. आता ईमेल येईल. पण पगार वेळेवर येतो. टी-शर्ट दोन देतात.”

नारळांचं काय करायचं हे कुणालाच कळेना. शेवटी कॅप्टननी चटणीसाठी ठेवून घेतले. शाली उल्हासरावांनी परत आणल्या.

जहाज ठरल्या वेळेच्या आधी सुटलं.

सोमवारी मिस्टर टेंनी उल्हासरावांना केबिनमध्ये बोलावलं. कधी नव्हे ते मिस्टर टे हसत होते, आणि कधी नव्हे ते प्रश्न न विचारता बोलत होते.

“उल्हास, मी त्या सैन्याची सिस्टिम बघितली. व्हेरी स्मार्ट. तीच माणसं, तेच काम, तीच खाट. पण रजा नाही, पेन्शन नाही, भांडण नाही. मी विचार केला, आपण का नाही? सो. तुझा पास झाला. काँग्रॅच्युलेशन्स.”

“थँक यू, सर,” उल्हासराव म्हणाले. त्यांना आतून काहीतरी खूप मोठं वर येतंय असं वाटलं.

“फक्त आता तो आपल्या कंपनीकडून नाही. एक मनुष्यबळ पुरवणारी कंपनी आहे, तिच्याकडून. ते तुला आमच्याकडे पाठवतील. तीच खुर्ची. वन इयर, वन इयर असं. तुला काहीच फरक पडणार नाही.” त्यांनी टेबलाखालून एक प्लॅस्टिकची पिशवी काढून पुढे सरकवली. “हे त्यांनी पाठवलंय. साईझ लार्ज सांगितली मी.”

पिशवीत दोन टी-शर्ट होते. काळे.

घरी बातमी आधीच पोचली होती. पास झाला एवढा भाग. आशालताबाईंनी शिरा केला होता. अवनीने शाळेतून येताना केक आणला होता. तिच्या परीक्षेचं आता ठरलं होतं, मैत्रिणी सुटणार नव्हत्या, फ्लॅट सुटणार नव्हता. ती टेबलाभोवती चक्क दोन उड्या मारून आली. उल्हासरावांनी पिशवी सोफ्यावर ठेवली, उरलेलं सगळं थोडक्यात सांगितलं, आणि मग ते बेडरूममध्ये गेले आणि त्यांनी आतून कडी लावली.

अवनीने केकवरची सुरी खाली ठेवली.

“मा, इज पा सल्किंग?” अवनीने विचारलं.

“अं हं,” आशालताबाई म्हणाल्या. “रुसलेत.” त्यांनी ताट वाढलं, दाराशी गेल्या. “अहो. उघडा. शिरा गरम आहे.”

कडी हलली नाही. उल्हासराव पलंगाच्या कडेवर ताठ बसले होते. आयुष्यभर दुसऱ्यांचे रुसवे काढलेल्या माणसाला आज पहिल्यांदाच रुसायची संधी मिळाली होती आणि ती त्यांना हवी तेवढी लांबवायची होती. कुणीतरी सिग्नलपर्यंत मागे यावं. कुणीतरी टेबलावर पांढरी चादर अंथरावी. मिस्टर टेंनी शिडी चढून यावं, दोन्ही हातांत नारळ असावा.

“आग्रह करू का?” दाराबाहेरून आशालताबाईंनी विचारलं. आवाजात हसू होतं, पण सगळं हसू नव्हतं. “तुमच्यासारखा?”

उल्हासरावांचे डोळे भरून आले. इथे वारा नव्हता. ते उत्तर देणार, इतक्यात खिशातला फोन वाजला.

“उल्हास आह,” मिस्टर टे म्हणाले. “तिसरी खेप कन्फर्म. पुढच्या शनिवारी. एजन्सी म्हणते, तू बिझी असशील तर त्यांच्याकडे दुसरा माणूस रेडी आहे. कॅन ऑर कॅनॉट?”

उल्हासरावांनी कडी काढली. दाराबाहेर आशालताबाई ताट घेऊन उभ्या होत्या आणि त्यांचे दोन्ही हात गुंतलेले होते.

“कॅन,” उल्हासराव म्हणाले, आणि ताट त्यांनी स्वतःच घेतलं.